गॅरेजचे दार बिनआवाज उघडावे म्हणून...

नवी मुंबई म्हटले की उंच इमारती, स्टिल्टखाली ओळीने उभ्या गाड्या आणि फाटकावरचा सुरक्षारक्षक हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसवताना केवळ इमारती बांधल्या नाहीत. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, बेलापूर अशा नोडमध्ये रो हाऊस आणि बंगल्यांचे भूखंडही आखले गेले. त्यातील कित्येक घरांत आज पुढच्या अंगणावर छप्पर आले आहे, अंगणाचे गॅरेज झाले आहे आणि गॅरेजला शटर बसले आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या पाठीला ते शटर वर ढकलणे झेपेनासे झाले, की मोटर बसवण्याचा विचार सुरू होतो. हा विचार बहुधा जवळच्या फॅब्रिकेटरला फोन करून संपतो आणि तिथेच पुढच्या दहा वर्षांच्या कटकटीची बीजे पेरली जातात. दार कशासाठी, कुठे आणि कुणाच्या भिंतीला लागून आहे, याचा हिशेब न करता मोटरची ताकद आणि किंमत एवढ्या दोनच गोष्टींवर सौदा ठरतो.

आरंभीच एक कायदेशीर बाब स्पष्ट केलेली बरी. इमारतीच्या स्टिल्टखालील आपली जागा शटर लावून बंद करून घेण्याची इच्छा अनेकांना होते. मात्र स्टिल्टमधील वा उघड्यावरील पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे आणि ते बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजेच ‘रेरा’ने, गॅरेजची व्याख्याच करून टाकली : वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन उभे करण्याची जागा ते गॅरेज. उघडे पार्किंग त्यात येत नाही. तेव्हा सोसायटीतील रहिवाशांनी शटरच्या किमती विचारण्याआधी मंजूर नकाशा पाहावा. रो हाऊसवाल्यांनीही अंगणावर छप्पर घालताना परवानगी घेतली होती की नाही, हे कागद काढून तपासावे. त्यावर महागडे यंत्र चढवण्यापूर्वी ही खातरजमा फायद्याची ठरते.

आवाजाचे मूळ

रो हाऊसमध्ये दोन घरांच्या मध्ये बहुधा एकच भिंत असते. ही एक गोष्ट लक्षात घेतली, की गॅरेजच्या दाराचा निम्मा प्रश्न समजतो. शटरचा शाफ्ट ज्या ब्रॅकेटवर फिरतो ते ब्रॅकेट त्याच सामाईक भिंतीत ठोकलेले असते आणि वरच्या स्लॅबच्या पलीकडे शयनगृह असते, कधी आपले तर कधी शेजाऱ्याचे. रात्रपाळीवरून परतलेल्या माणसाने बटण दाबले की खालचा खडखडाट हवेतून जेवढा जातो त्याहून अधिक भिंतीतून जातो. खिडकी बंद करून तो थांबत नाही, कारण तो खिडकीतून येतच नसतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एखाद्या शटरसाठी कुणी डेसिबल मोजायला येणार नाही हे खरे. पण मध्यरात्रीची शांतता किती नाजूक असते, याची कल्पना या आकड्यावरून यावी.

आवाजाची उगमस्थाने तीन. पहिले म्हणजे खुद्द शटर. पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून केलेली ही चटई दोन्ही बाजूंच्या गाईड चॅनेलमध्ये घासत वर जाते. चॅनेल ओळंब्यात नसेल, पट्ट्यांच्या टोकांच्या क्लिपा निखळल्या असतील किंवा खाचेत धूळ आणि जुने ग्रीस यांचा काळा लगदा साचला असेल, तर कितीही उत्तम मोटर लावली तरी घरघर तशीच राहते. चॅनेलच्या आत नायलॉनची किंवा ब्रशसारखी पट्टी बसवून घेतली, तर धातूवर धातू घासत नाही. अत्यंत कमी खर्चाचा हा उपाय आहे आणि बहुतेक कारागीर तो विचारल्याशिवाय सुचवत नाहीत.

दुसरे उगमस्थान मोटर आणि तिचा गिअरबॉक्स. शटरच्या बाजूला साखळीने जोडलेली, घरच्या एकपदरी विजेवर चालणारी मोटर सुरू होताना झटका देते आणि थांबतानाही देते. दाराचे सगळे वजन त्या झटक्यासरशी साखळीवर येते. याउलट २४ व्होल्टच्या डीसी मोटरला नियंत्रक मंडळ हळू सुरुवात आणि हळू शेवट करायला लावते. दार मधल्या टप्प्यात वेगाने जाते आणि जमिनीला टेकताना जवळजवळ थांबत येते. कानाला जाणवणारा फरक प्रामुख्याने या सुरुवातीचा आणि शेवटाचा असतो.

तिसरे उगमस्थान म्हणजे बांधकाम. मोटरचे ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये रबराची जाड चकती, बोल्टभोवती रबरी बुश आणि शक्य असेल तिथे सामाईक भिंतीऐवजी आपल्या बाजूच्या भिंतीवर मोटर, एवढी काळजी घेतली तर शेजाऱ्यांशी संबंध टिकतात. मोटर कोणत्या बाजूला, हे शटर बसवण्याआधी ठरते. नंतर ती बाजू बदलायची म्हणजे शाफ्ट उतरवून पुन्हा चढवणे आले. म्हणून हा मुद्दा पहिल्याच बैठकीत कारागिराशी बोलून घ्यावा.

निवड करताना

वर सरकून छताला समांतर होणारे दार अमेरिकेत सी. जी. जॉन्सन यांनी १९२१ मध्ये आणले आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. तिकडे घरगुती गॅरेज म्हणजे हेच दार. चार-पाच आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असतात, त्या रुळांवरून वर जाऊन छताखाली आडव्या होतात आणि दाराचे वजन स्प्रिंगा तोलून धरतात. आपल्याकडे मात्र दुकानाच्या गाळ्यावरून घरात आलेले गुंडाळीचे शटर हेच दार. दोन्हींचे गुणदोष वेगळे आहेत.

आवाजाचा विचार केला तर फळ्यांचे दार सरस ठरते. त्याला छताखाली लावलेला ओपनर साखळी, स्क्रू किंवा पट्ट्याने ओढतो. साखळी स्वस्त आणि टिकाऊ, पण खुळखुळणारी. आतून पोलादी तारा असलेला रबरी पट्टा सर्वात शांत. ज्यांच्या गॅरेजवर शयनगृह आहे त्यांनी पट्टा आणि डीसी मोटर यांच्या जोडीचाच आग्रह धरावा. अडचण जागेची येते. या दारासाठी चौकटीच्या वर साधारण फूटभर मोकळी उंची लागते आणि आत दाराच्या उंचीपेक्षा बरीच जास्त खोली लागते. आपल्याकडे नेमकी त्याच ठिकाणी बीम खाली उतरलेली असते. कमी उंचीसाठी दुहेरी रुळांची वेगळी रचना मिळते, मात्र ती बसवायला अनुभवी हात हवा.

गुंडाळीच्या शटरला आतली खोली लागत नाही. चौकटीच्या वर गुंडाळीपुरती जागा पुरते आणि दुरुस्ती करणारा माणूस प्रत्येक सेक्टरमध्ये सापडतो. हा शेवटचा गुण आपण समजतो त्याहून मोठा आहे. शटरसाठी भारतीय मानक आयएस ६२४८ उपलब्ध आहे. त्यानुसार साडेतीन मीटरपर्यंत रुंदीच्या शटरची पट्टी निदान ०.९ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची हवी, त्याहून रुंद शटरची १.२ मिलिमीटरची. हाताने ढकलायचे शटर बॉल बेअरिंगशिवाय ८ चौरस मीटरपर्यंत आणि बेअरिंगसह १२ चौरस मीटरपर्यंत चालते. एका मोटारीच्या गॅरेजचे दार तीन मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच धरले तर क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर भरते, म्हणजे मर्यादेच्या आत. तात्पर्य, अशा दाराला मोटर ही सोयीसाठी असते, गरज म्हणून नव्हे. स्प्रिंग नीट असेल तर ते एका हाताने वर जायला हवे. जात नसेल, तर आधी स्प्रिंग दुरुस्त करावी आणि मगच मोटरचा विचार करावा. बिघडलेल्या दाराला ताकदवान मोटर जोडणे म्हणजे दुखऱ्या पायाने शर्यत धावण्यासारखे आहे.

आता वजनाचा हिशेब. ०.९ मिलिमीटर सपाट पोलादी पत्रा चौरस मीटरला सात किलोहून थोडा अधिक भरतो. पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा आणि खालची जाड पट्टी धरली की तो आकडा दहा किलोच्या आसपास जातो. म्हणजे आपले ७.२ चौरस मीटरचे शटर सत्तर ते ऐंशी किलोचे. बाजारात बाजूच्या मोटरी ३०० किलो, ५०० किलो अशा क्षमतेने विकल्या जातात. तेव्हा ‘साहेब, पाचशेवाली घ्या, टेन्शन नको’ हा सल्ला घरगुती दारासाठी अनाठायी आहे. मोठी मोटर अडथळा आला तरी थांबत नाही, जास्त धक्का देते आणि आवाजही जास्त करते. त्यापेक्षा मोटर सलग किती मिनिटे चालू शकते हे विचारावे. घरगुती मोटरी लागोपाठ काही मिनिटेच चालण्यासाठी बनवलेल्या असतात; त्यानंतर आतला उष्णतारोधक स्विच ती बंद करतो आणि थंड होईपर्यंत दार हलत नाही. दार बिघडले असे समजून लोक घाबरतात, मुलांनी खेळता खेळता दहा वेळा बटण दाबलेले असते एवढेच.

बाजूच्या मोटरच्या शटरमध्ये स्प्रिंग नसेल, तर सगळा भार एका साखळीवर असतो. ती तुटली, की सत्तर किलोची गुंडाळी सरळ खाली येते. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला वेग वाढताच पकड घेणारा सुरक्षा-ब्रेक बसवता येतो. अंदाजपत्रकात तो बहुधा लिहिलेला नसतो. तो लिहून घ्यावा, आणि पैसे कमी पडत असतील तर रिमोटची संख्या कमी करावी, ब्रेक नव्हे.

अंगण छोटे असेल तर शटरऐवजी पुढचे फाटकच स्वयंचलित करण्याकडे कल असतो. आत उघडणारे फाटक गाडीच्या बंपरला लागते आणि बाहेर उघडणारे पदपथावर येते. पदपथ सर्वांचा आहे, त्यामुळे सरकते फाटक हाच मार्ग उरतो. त्याची मोटर जमिनीलगत असते आणि रूळ जमिनीत. पावसाळ्यात त्या रुळात माती, पाने आणि खडी अडकते. रुळाच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी छोटी नाली ठेवली नाही, तर जुलैत रोज सकाळी झाडू घेऊन उभे राहण्याची तयारी ठेवावी.

वीज गेली, पाणी आले

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महावितरण कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतरची काही वर्षे राज्याने भारनियमनाची झळ सोसली. त्या काळात ज्यांनी मोटर बसवली, त्यांना हाताने फिरवायच्या साखळीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आज परिस्थिती सुधारली असली, तरी पहिल्या वादळी पावसात वीज जातेच. अशा वेळी गॅरेजला घरातून आत येणारे दुसरे दार आहे का, हा प्रश्न निर्णायक ठरतो. दुसरे दार नसेल आणि साखळी शटरच्या आतल्या बाजूस लटकत असेल, तर गाडी आत, साखळी आत आणि मालक बाहेर अशी गंमत होते. रुग्णाला घेऊन रात्री निघायचे असेल तर ती गंमत राहत नाही. छताखालील ओपनरला बाहेरून किल्लीने सोडवणारी तार मिळते, शटरसाठीही बाहेरून चालवण्याची सोय करून घेता येते. डीसी ओपनरसोबत बॅटरी घेतली तर वीज गेल्यावरही दार काही वेळा उघडते. घरच्या इन्व्हर्टरवर मोटर टाकण्यापूर्वी मात्र इलेक्ट्रिशियनला विचारावे, कारण सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते.

विजेच्या बिलाची चिंता अनेकांना वाटते, ती अस्थानी आहे. ३०० वॉटची मोटर एका वेळी २० सेकंद, दिवसातून चार वेळा चालली तर महिन्याला जेमतेम पाव युनिट होते. गंमत अशी, की रिमोटची वाट पाहत चोवीस तास जागे असलेले नियंत्रक मंडळ पाच वॉट घेत असेल तर तेच महिन्याला साडेतीन युनिटहून अधिक खाते. खरेदीच्या वेळी स्टँडबायचा आकडा विचारणारे ग्राहक विरळा.

सुरक्षेच्या दृष्टीने मोटरसाठी स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग अनिवार्य समजावे. पावसात भिजलेले लोखंडी दार आणि त्यावर ओला हात, हा प्रसंग नवी मुंबईत वर्षातले चार महिने रोजचाच. एक्स्टेन्शन बोर्डावरून मोटर चालवणे तर सर्वस्वी टाळावे.

पाण्याचा मुद्दा या शहराला विशेष लागू आहे. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग भराव टाकून तयार झाला असून त्यातील काही सेक्टर भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. पावसाचे पाणी साठवून ओहोटीला खाडीत सोडण्यासाठी धारण तलाव बांधले गेले ते म्हणूनच. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की सखल भागांत रस्त्यावर पाणी चढते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी महानगर प्रदेशात अशी किती यंत्रे पाण्याखाली गेली असतील याची गणती नाही. सखल सेक्टरमध्ये राहणाऱ्यांनी सरकत्या फाटकाची मोटर सिमेंटच्या ओट्यावर उंच बसवावी आणि गॅरेजमधले प्लग, स्विच कमरेच्या वर ठेवावेत. पाण्यात बुडालेली मोटर वाळली असे वाटून लगेच सुरू करू नये. गिअरबॉक्समधील तेल दुधाळ दिसत असेल तर आत पाणी शिरले आहे; तेल बदलून आणि वाइंडिंग तपासून मगच वीज जोडावी.

वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गेले. रुंद शटर वाऱ्याने फुगते आणि पट्ट्यांची टोके चॅनेलमधून बाहेर येतात. टोकांना वारारोधक क्लिपा आणि खोल चॅनेल घेतले, तर हे टळते.

दाराखाली कुणी असेल तर

अमेरिकेत स्वयंचलित गॅरेज दाराखाली सापडून लहान मुले दगावल्यानंतर १९९० मध्ये कायदा झाला. त्यानुसार १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक घरगुती ओपनरला अडथळा लागताच उलट फिरण्याची सोय तर हवीच, शिवाय प्रकाशकिरणाचा सेन्सर किंवा त्याच्या तोडीची दुसरी व्यवस्था हवी असे ठरले. आपल्याकडच्या अंदाजपत्रकात मात्र हाच सेन्सर ‘ऑप्शनल’ या रकान्यात असतो आणि घासाघीस सुरू झाली की पहिला तोच गळतो. ज्या घरात रांगते मूल, पाळीव कुत्रे किंवा कमी ऐकू येणारे आजी-आजोबा आहेत, तिथे हा रकाना खोडू नये. इतर घरांनीही खोडू नये. गल्लीतली मुले चेंडूमागे कुठेही शिरतात.

सेन्सरची जोडी जमिनीपासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच लावायची नाही. गाडीच्या बंपरच्या उंचीवर लावलेला सेन्सर गाडी वाचवतो, मूल वाचवत नाही. दार पश्चिमाभिमुख असेल तर मावळतीचे ऊन थेट ग्रहण करणाऱ्या डोळ्यात जाते आणि दार विनाकारण अडते. अशा वेळी कारागीर सेन्सर काढून टाकण्याचा सल्ला देतो. जोडीतील दोन भागांची अदलाबदल करून ग्रहण करणारा भाग सावलीच्या बाजूला न्यावा, प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. सेन्सर नसलेल्या शटरला निदान बटण दाबून धरले तरच चालणारा स्विच असावा, तो दार दिसेल अशाच जागी असावा आणि मुलांचा हात पोहोचणार नाही इतका उंच असावा. अशा दाराला रिमोट देऊच नये, हे कुणाला आवडो वा न आवडो.

रिमोटविषयी आणखी थोडे. जुन्या पद्धतीचा रिमोट दर वेळी एकच सांकेतिक क्रमांक पाठवतो आणि त्याची नक्कल किल्ल्या बनवणारासुद्धा करून देतो. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या रोलिंग कोड पद्धतीत प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक जातो, त्यामुळे हवेतून पकडलेला जुना क्रमांक निरुपयोगी ठरतो. घर विकत किंवा भाड्याने घेतल्यावर, अथवा चालक बदलल्यावर, मंडळातील सर्व रिमोटची नोंद पुसून आपले तेवढे नव्याने नोंदवावेत. पाच मिनिटांचे हे काम आहे. फोनवरून चालणारे ओपनर सोयीचे खरे, परंतु त्यातील अनेकांचा कारभार उत्पादकाच्या सर्व्हरवर चालतो. इंटरनेट नसले तरी चालणारा साधा रिमोट सोबत असल्याची खात्री करावी.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या नवी मुंबईत अनेक घरांत आहेत. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाल्यास तो छताखाली साचतो, आणि ओपनरची मोटर नेमकी तिथेच असते. गॅरेजच्या भिंतीत वरच्या बाजूला कायम उघडी जाळी हवी. पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली राहते. म्हणून खालीही वाट हवी. छिद्रे असलेल्या पट्ट्यांचे शटर यासाठी उत्तम, फक्त त्यातून पावसाचे तुषार आत येतात हे मान्य करून चालावे लागते.

निगा

खाडीवरून येणारी खारी, दमट हवा हा इथल्या लोखंडाचा कायमचा शत्रू. तुर्भे, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्याजवळच्या वस्तीत त्यात कारखान्यांच्या धुराची भर पडते. नुसता रंग मारलेला पोलादी पत्रा इथे फार तग धरत नाही, जस्ताचा मुलामा दिलेला घेऊन त्यावर पावडर कोटिंग करावे. अॅल्युमिनियम गंजत नाही आणि हलकेही असते, पण त्याला साधे लोखंडी स्क्रू लावले तर दोन धातूंच्या सान्निध्यात स्क्रूभोवती झीज सुरू होते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागावेत. खाडीच्या अगदी काठाशी राहणाऱ्यांनी ३०४ ऐवजी ३१६ प्रतीचे स्टील घेतल्यास ते जास्त टिकते.

वर्षातून दोनदा लक्ष द्यावे, मेच्या अखेरीस पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर. दसऱ्याला आपण यंत्रांना झेंडूची फुले वाहतोच, त्या निमित्ताने आधी ती पुसूनही काढावीत. फक्त तोरण शटरच्या तोंडाशी बांधले तर ते गुंडाळीत ओढले जाते आणि सेन्सरसमोर लोंबले तर दार बंदच होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पहिली परीक्षा तोलाची. वीज बंद करून मोटर दारापासून सोडवावी आणि फळ्यांचे दार हाताने अर्ध्यावर आणून सोडावे. ते तिथेच थांबले, तर स्प्रिंगा ठीक आहेत. खाली घसरले किंवा वर पळाले, तर मोटर इतके दिवस स्प्रिंगांचे काम करत होती असे समजावे. स्प्रिंगांना मात्र स्वतः हात लावू नये. पिळलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद हाताची बोटे तोडू शकते. हे काम योग्य दांडे बाळगणाऱ्या माणसाचेच आहे. नेहमीच्या स्प्रिंगा सुमारे १०,००० वेळा उघडझाप सहन करतील अशा बनवलेल्या असतात. एकच गाडी सकाळी जाऊन संध्याकाळी येत असेल, तर दिवसाला दोन उघडझापी होतात आणि हिशेबाने तेरा वर्षे निघतात. दोन गाड्या, स्कूटर आणि मुलांच्या सायकली त्याच दाराने जात असतील, तर सहा उघडझापींनी साडेचार वर्षांत आयुष्य संपते. खाऱ्या हवेतील गंजाने ते आणखी घटते.

दुसरी परीक्षा उलट फिरण्याची. दाराखाली साधारण चार सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी आडवी ठेवून दार बंद करावे. फळीला टेकताच ते उलटे वर जायला हवे. गेले नाही, तर दाब कमी करून पुन्हा पाहावे, आणि तरीही जात नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत दार हाताने वापरावे. ही परीक्षा महिन्यातून एकदा करण्यास हरकत नाही. तेव्हाच सेन्सरच्या काचेवरचे कोळ्याचे जाळे फडक्याने पुसून घ्यावे.

वंगणाबाबत गैरसमज फार. गाईड चॅनेलमध्ये ग्रीस भरू नये. धूळ चिकटून त्याचा खरवडणारा लेप होतो. तिथे कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. बिजागऱ्या, रोलरचे बेअरिंग आणि साखळी यांना पांढरे लिथियम ग्रीस द्यावे, तेही बोटभर. रबरी पट्ट्याला काहीच लावायचे नाही. गंज सोडवण्यासाठी मिळणारे पातळ स्प्रे हे वंगण नव्हेत. ते जुने वंगण धुऊन काढतात आणि आठवड्याने कुरकुर दुप्पट होते. रोलर पोलादी असतील तर बेअरिंग असलेले नायलॉनचे रोलर घालावेत. शांततेसाठी एवढा स्वस्त बदल दुसरा नाही.

नियंत्रक मंडळाचा डबा आपल्याकडे पाली आणि मुंग्यांचे आवडते घर. उबदार, कोरडा आणि अंधारा. रिलेच्या फटीत मुंगी चिरडली गेली तरी दार अर्ध्यावर अडते. वायर आत येते ती भोके रबरी ग्रोमेटने बंद करावीत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती पावसाळ्यात बदलत राहावी.

वार्षिक देखभालीचा करार करताना त्यात स्प्रिंग, साखळी आणि मंडळ येते की केवळ ‘सर्व्हिसिंग’, हे लेखी घ्यावे. मोटर परदेशी असेल तर मंडळ स्थानिक बाजारात मिळते का, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. अन्यथा दोनशे रुपयांच्या रिलेसाठी संपूर्ण मोटर बदलण्याची वेळ येते. जोडणीचा आराखडा आणि मर्यादा-स्विच कसे जुळवले त्याची नोंद कारागिराकडून लिहून घेऊन डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. रिमोटची बॅटरी दसऱ्याला बदलावी, आणि एक जादा रिमोट गाडीत न ठेवता घरात ठेवावा.